गुडघ्याच्या ऑपरेशननंतरचं सामान नेण्याआधी: वजन खरं सांगा

वॉकर, कमोड खुर्ची असं सामान आम्ही भाड्याने देतो. फोनवर आमचा पहिला प्रश्न पेशंटच्या वजनाचा असतो आणि तो बऱ्याच जणांना खटकतो. "अहो, वॉकर हवाय, वजन कशाला?" मग जरा थांबून, "असेल ऐंशीच्या आसपास." आमचा माणूस सामान घेऊन घरी पोचतो, तर डिस्चार्जच्या कागदावर 104 लिहिलेलं. टेम्पो परत, सामान परत, आणि आई तोवर पलंगावर ताटकळलेल्या.

आमचा साधा वॉकर आणि कमोड खुर्ची 100 किलोपर्यंतच देतो. पुढे 150 किलोची मजबूत जोडी आहे. तिचं भाडं जास्त, म्हणून "साधीच द्या, चार दिवसांचा प्रश्न आहे" असा आग्रह होतो. आम्ही देत नाही. गुडघ्याची वाटी बदललेला माणूस कमोडवरून उठताना दुखरा पाय पुढे सरकवतो आणि अंगाचा बराच भार हातांवर, तोही एकाच बाजूला टाकतो. खुर्चीचा पाय वाकतो तो त्या क्षणी. (उठताना वॉकर धरून ओढू नका. खुर्चीच्या हातांवर जोर द्या, उभं राहिल्यावर वॉकर धरा.)

मजबूत वॉकर रुंदही असतो. बाथरूमचं दार पूर्ण उघडून मधली मोकळी जागा मोजा. चौकटीचं माप उपयोगाचं नाही. पेठांतल्या जुन्या घरांत इथेच अडतं.

"वजन एवढं आहे, ऑपरेशनचा उपयोग होईल का?" हेही रोज विचारतात. निर्णय तुमच्या डॉक्टरांचा. पण वेदना कमी होणं आणि चालणं सुधारणं, हा फायदा जाड माणसांनाही चांगलाच होतो. त्यांना धोका जास्त असतो तो जखमेचा: जंतुसंसर्ग होणं, टाके उशिरा भरणं. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणारा आकडा) 40 च्या वर गेला की हा धोका आणखी वाढतो. उंची 155 सेंटिमीटर आणि वजन 96 किलो म्हणजे बीएमआय जवळपास 40. तरीही केवळ ठरावीक आकड्यापर्यंत वजन उतरावं म्हणून ऑपरेशन लांबवू नये, असं अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या आणि सांधेरोपण सर्जनांच्या संघटनांनी 2023 मध्ये मिळून सुचवलं. जमेल तेवढं मात्र उतरवावं. एक किलो घटलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. मधुमेह असेल तर साखर आधी आटोक्यात आणावी. "एकदा चालायला लागले की वजन आपोआप उतरेल" यावर विसंबू नका. बहुतेकांचं आहे तिथेच राहतं.

घरी काटा नसेल तर दुकानात या. आमचा काटा आतल्या खोलीत आहे, आकडा तुमच्याशिवाय कोणी बघत नाही. ऑपरेशनची तारीख कळताच सांगितलंत तर घरी येऊन दार आणि कमोडची उंची मोजून जातो, त्याचे पैसे घेत नाही. डिस्चार्जच्या संध्याकाळी फोन केलात तर मजबूत खुर्ची त्याच रात्री मिळेलच असं नाही. आमच्याकडे तशा चारच आहेत.