एफएल स्टुडिओ: प्लेलिस्टचा ट्रॅक वेगळा, मिक्सरचा वेगळा

चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की गोव्यात फोंडा, डिचोलीकडची आरती मंडळं घरच्या कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग करायला बसतात. एफएल स्टुडिओ हे संगीत रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांचा एक प्रश्न मग हमखास येतो: शामेळाचा (हे एक तालवाद्य) ऑडिओ प्लेलिस्टच्या तिसऱ्या ट्रॅकवर ठेवला, मिक्सरमध्येही तिसऱ्या ट्रॅकवर रिव्हर्ब (आवाज घुमवणारा इफेक्ट) लावला, तरी आवाज कोरडाच का?

कारण हे दोन ‘तिसरे’ एकमेकांचे कोणी लागत नाहीत.

प्लेलिस्टचा ट्रॅक ही नुसती आडवी जागा आहे. क्लिप, म्हणजे आवाजाचा तुकडा, कधी वाजणार आणि आपल्याला कुठे दिसणार, एवढंच तिथे ठरतं. एकाच ओळीत घुमट (मातीचं तालवाद्य), त्यापुढे कासाळे (झांजा), त्यापुढे गाणं ठेवलं तरी चालतं. मिक्सरचा ट्रॅक, म्हणजे इन्सर्ट, ही आवाजाची वाट: फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी), पॅन (डावी-उजवी बाजू), ईक्यू (खालचे-वरचे सूर कमी-जास्त करणं), रिव्हर्ब सगळं तिथे, आणि तिथून पुढे मास्टर, म्हणजे सगळे आवाज एकत्र येतात तो शेवटचा ट्रॅक. एफएल स्टुडिओ २० मध्ये प्लेलिस्टला ५०० ओळी आहेत आणि मिक्सरला १२५ इन्सर्ट. ओळीला इन्सर्ट अशी जोडी मुळात लावलेलीच नाही. रीपर या दुसऱ्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक आणि मिक्सरची पट्टी एकच असते, त्यामुळे तिथून आलेल्यांची गफलत जास्त होते.

मग क्लिप मिक्सरला पोचते कशी? मध्ये चॅनल असतो. ऑडिओ प्लेलिस्टवर टाकला की त्याचा एक चॅनल तयार होतो, आणि कुठल्या इन्सर्टला जायचं ते या चॅनलवर लिहिलेलं असतं. क्लिपवर डबल क्लिक करा. उघडलेल्या खिडकीत वर उजवीकडे ‘ट्रॅक’चा, म्हणजे इन्सर्टचा, आकडा दिसेल. शामेळ कोरडा राहतो तो इथे. आकडा ठरवलेलाच नसेल, तर आवाज थेट मास्टरला जातो. आकडा बदला, किंवा चॅनल निवडून मिक्सरमध्ये हवा तो इन्सर्ट निवडा आणि कंट्रोल-एल दाबा. चॅनल रॅकमध्ये (चॅनलांच्या यादीत) हा चॅनल सापडत नसेल तर घाबरू नका. ऑडिओ क्लिप्सचा गट तिथे वेगळा असतो. वरचा फिल्टर ‘ऑल’ करा.

खरी कसोटी लागते ती तुकडे करताना. घुमटाच्या मागच्या उघड्या तोंडावर डाव्या हाताचा तळवा झाकत-उघडत वादक नाद बदलतो. आरती चढत्या लयीला आली की तो खालचा घुमार गाण्यावर चढतो, म्हणून तेवढ्याच भागाचा ईक्यू करावासा वाटतो. क्लिप कापली, शेवटचा तुकडा दुसऱ्या ओळीवर नेला, ईक्यू लावला, आणि पहिल्या कडव्यातला घुमटही पातळ झाला! सॉफ्टवेअरचं काही चुकलेलं नाही. कापलेले सगळे तुकडे आणि कॉपी एकाच चॅनलच्या असतात, मग त्या कितीही ओळींवर पसरा. त्या तुकड्याच्या डाव्या कोपऱ्यातल्या चिन्हावर क्लिक करून ‘मेक युनिक’ करा. आता त्याला स्वतःचा चॅनल मिळाला. त्याला वेगळा इन्सर्ट द्या आणि ईक्यू तिथे लावा.

ओळ आणि इन्सर्ट जोडायची सोयही आहे. ओळीच्या नावावर राइट क्लिक करून ‘ट्रॅक मोड’मध्ये ‘ऑडिओ ट्रॅक’ निवडायचं आणि इन्सर्ट ठरवायचा. दोन घुमट, शामेळ, कासाळे, मुख्य गायक, कोरस असा पसारा असेल तर मी ही जोडणी ऑडिओ टाकण्याआधीच करायला सांगेन, कारण गर्दीत आकडे तपासत बसणं फार जिकिरीचं. मात्र चॅनलचा हिशेब एकदा नीट समजला नसेल तर ही सोयच गोंधळ वाढवते, म्हणून आधी हाताने करा.

म्यूटही तसंच दोन जागी आहे. प्लेलिस्टची ओळ म्यूट केली तर क्लिप वाजायची थांबते, पण इन्सर्टवरच्या रिव्हर्बची शेपूट घुमत राहते. इन्सर्ट म्यूट केला तर शेपटासकट सगळं गप्प, आणि त्या इन्सर्टला जोडलेले बाकीचे चॅनलही गप्प. आरतीच्या शेवटी घुमटाचा नाद हवेत विरत जायला हवा असेल, तर ओळच म्यूट करा.