जुनी गाडी ॲव्हरेज देत नाही? आधी बघा पेट्रोल जातंय कुठे

माझी 2008ची 800 सीसीची छोटी गाडी आहे, मुलुंड ते परळ रोजचं जाणं-येणं, आणि मागच्या वर्षी ॲव्हरेज पार तेराच्या खाली आलं. जो भेटेल तो काहीतरी बसवायला सांगायचा, पेट्रोलच्या पाइपवर मॅग्नेट लाव, अमुक गोळी टाकीत टाक. म्हणून आधी हिशेब केला की पेट्रोल खर्च होतं कशात.

गाडी आणि आत दोन माणसं मिळून साधारण 850 किलो. ही ताशी 40च्या वेगाने पळते तेव्हा तिच्यात सुमारे 52 किलोज्यूल ऊर्जा असते. एक लिटर पेट्रोलमध्ये ऊर्जा असते 32 मेगाज्यूलच्या आसपास, पण शहरात त्यातला जेमतेम पाचवा हिस्सा चाकांपर्यंत पोचतो, बाकी रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता होऊन जाते. म्हणजे शून्यावरून 40 गाठायला साधारण 8 मिली पेट्रोल, चहाचा दीड चमचा. आणि ब्रेक दाबला की ते सगळं ब्रेकच्या लायनरमध्ये गरम होऊन संपलं. एकदा सकाळी मोजलं, परळपर्यंत 40 वरून पूर्ण थांबणं 34 वेळा झालं, म्हणजे पाव लिटरच्या वर पेट्रोल नुसतं ब्रेकमध्ये! 60 वरून थांबलात तर दर वेळी सव्वादोन पट, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. पुढचा सिग्नल लाल दिसतोय तर ॲक्सिलरेटरवरचा पाय आधीच काढायचा आणि गाडी गिअरमध्येच ठेवायची. न्यूट्रल करू नका, गिअरमध्ये असताना फ्युएल इंजेक्शनवाल्या गाडीत कॉम्प्युटर पेट्रोल जवळजवळ बंदच करतो, न्यूट्रलमध्ये मात्र आयडलिंगचं, म्हणजे इंजिन नुसतं चालू ठेवायचं, पेट्रोल चालूच राहतं.

आता गाडीतलं काम. माझ्याकडे सगळ्यात मोठा चोर निघाला थर्मोस्टॅट, म्हणजे तो नसणं. टेम्परेचरचा काटा कधी पावच्या वर जायचाच नाही आणि मला वाटायचं वा, इंजिन किती थंड राहतं. आधीच्या एका मेकॅनिकने तो काढून टाकला होता, मुंबईत गाडी तापते म्हणून, आणि हे आपल्याकडे सर्रास करतात. हा छोटा व्हॉल्व्ह इंजिनचं पाणी 80-85 अंशांपर्यंत तापेस्तोवर रेडिएटरकडे जाऊ देत नाही. तो नसला की इंजिन गरमच होत नाही, सेन्सर सांगतो इंजिन अजून थंड आहे, कॉम्प्युटर जास्त पेट्रोल मारत राहतो, कारण थंड धातूवर पेट्रोलची नीट वाफ होत नाही, वर ऑइलही घट्ट राहतं. काही शे रुपयांचा पार्ट आहे. फक्त गाडी खरंच तापत असेल तर आधी रेडिएटर आणि पंखा बघून घ्या, मग थर्मोस्टॅट बसवा.

दुसरं, ब्रेक धरून राहणं. आपल्या पावसात दोन महिने पाण्यातून गाडी गेली की कॅलिपरच्या (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पिना गंजतात आणि पाय उचलला तरी पॅड डिस्कला घासत राहतो, हॅन्डब्रेकची वायर पण अडकते. ओळखायला सोपं, गाडी चालवून आलात की चारही रिमजवळ हात न्या (टेकवू नका, भाजेल), एकच चाक जास्त गरम वाटलं तर तिथे ब्रेक लागतोय. पिना साफ करून ब्रेकचं ग्रीस लावलं की काम झालं. माझं मागचं डावं चाक जॅकवर हाताने अर्धा फेरा पण फिरत नव्हतं!

टायरची हवा महिन्याला 1 पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) आसपास आपोआप कमी होते. 8 पीएसआय कमी असेल तर ॲव्हरेजचे दीड-दोन टक्के जातात, पण फुकट मिळतात म्हणून सोडू नका. गाडी थंड असताना दाराच्या स्टिकरवरच्या आकड्याइतकी भरा. रुंद टायर टाकू नका, कंपनीच्या साइजचेच बरे. गणपतीला गावी जाताना टपावर लावलेला कॅरियर वर्षभर तसाच असेल तर काढा, शहरात हवेचा विरोध फारसा नसतो पण एक्सप्रेसवेवर 80च्या पुढे तो चांगलाच खातो.

मॅग्नेटचं म्हणाल तर पेट्रोलवर चुंबकाचा असा काही परिणाम होत नाही की ते जास्त चांगलं जळेल. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, पेट्रोल वाचवतो म्हणणारी शंभरहून जास्त उपकरणं तपासली आणि लक्षात येईल असा फरक एकानेही पाडला नाही. एअर फिल्टरबद्दल पण थोडा गैरसमज आहे, इंजेक्शनच्या गाडीत तो तुंबला तर पिकअप मरतो, ॲव्हरेज फारसं नाही. कार्ब्युरेटरवाल्या जुन्या गाडीत (जिथे पेट्रोल-हवेचं मिश्रण कॉम्प्युटरशिवाय होतं) मात्र पडतं.

आणि फरक मोजायचा तर मीटरकडे बघून अंदाज नको, एकाच पंपावर टाकी फुल करा, परत फुल करा, किलोमीटरला लिटरने भागा, असं निदान तीन वेळा. माझं थर्मोस्टॅट आणि ब्रेक झाल्यावर तिसऱ्या टाकीला 15.4 आलं.