उबेचं बिल आणि काचेची नळी

भाच्याचा स्टुटगार्टहून मेसेज आला, सोबत तीन पानी बिलाचा फोटो. "मावशी, बेडरूमचा हीटर वर्षभर बंद होता, तरी एवढे पैसे? आणि मीटरवर 7,000 युनिट दिसतायत. म्हणजे 7,000 किलोवॅट-तास ना? माझ्या एवढ्याशा घरात?"

पहिला प्रश्न तिथे गेलेला प्रत्येक मराठी माणूस पहिल्या वर्षी विचारतो. मीही विचारला होता. दुसरा मात्र फार गोड गैरसमज आहे. रेडिएटरवर बसवलेली ती पांढरी डबी म्हणजे विजेच्या मीटरची धाकटी बहीण, असं सगळ्यांना वाटतं. पण ती डबी उष्णता मोजतच नाही. तिच्या युनिटला किलोवॅट-तास नाहीत, कॅलरी नाहीत, कुठलंच एकक नाही. ती फक्त वाटा सांगते.

जर्मनीतल्या बऱ्याच इमारतींत तळघरात एक बॉयलर असतो. त्याचं गरम पाणी पाइपांतून वर जातं, रेडिएटरमध्ये ऊब सोडतं आणि खाली परत येतं. गॅसचं बिल एकच, राहणारी कुटुंबं दहा. पूर्वी ते घराच्या क्षेत्रफळावर वाटायचे, म्हणजे खिडकी सताड उघडी ठेवून हीटर पेटता ठेवणारा आणि स्वेटर घालून बसणारा, दोघांना सारखाच भुर्दंड. आपल्याकडे सोसायटीच्या टँकरचा खर्च जसा फ्लॅटमागे वाटतात आणि मग सभेत गाडी धुणाऱ्यांवरून भांडणं होतात, तसंच. 1970 च्या दशकात तेलाचे भाव भडकले, आणि 1981 मध्ये पश्चिम जर्मनीने नियमच केला: सामाईक हीटिंगचा किमान 50 आणि जास्तीत जास्त 70 टक्के खर्च वापरावर वाटायचा, उरलेला क्षेत्रफळावर. घरमालकाने तसं केलं नाही, तर भाडेकरूला आपल्या वाट्यातले 15 टक्के कापून घ्यायचा हक्क आहे.

सोयीसाठी गोल आकडे घेऊ. इमारतीचा वर्षाचा खर्च 12,000 युरो, एकूण क्षेत्रफळ 600 चौरस मीटर. 30 टक्के, म्हणजे 3,600 युरो, क्षेत्रफळावर. भाच्याचं घर 60 चौरस मीटर, त्याचे 360 युरो तिथेच ठरले. त्याने एकही कॉक उघडला नसता तरी ते द्यावेच लागले असते. राहिले 8,400 युरो. सगळ्या घरांतल्या सगळ्या डब्यांचे आकडे मिळून 60,000 भरले, तर एक युनिट 14 सेंटला पडलं. भाच्याची 7,000 युनिटं म्हणजे 980 युरो. एकूण 1,340. शेजारच्या इमारतीत याच 7,000 युनिटांचे वेगळेच पैसे होतील. युनिटचा भाव वर्ष संपल्यावर ठरतो, आधी कुणालाच माहीत नसतो.

मग सरळ उष्णताच का मोजत नाहीत? मोजता येते. पाइपातून ताशी किती पाणी गेलं आणि ते किती अंशांनी थंड होऊन परतलं, एवढं कळलं की झालं. ताशी 100 लिटर पाणी 10 अंशांनी निवलं तर साधारण 1.16 किलोवॅट उष्णता घरात उतरली. नव्या इमारतींत असे खरे मीटर असतात. पण जुन्या इमारतींत पाइप उभे गेलेले. स्वयंपाकघरांवरून एक जोडी, बेडरूमवरून दुसरी, हॉलवरून तिसरी. एका घरात पाणी चार ठिकाणी शिरतं आणि चार ठिकाणी बाहेर पडतं, मीटर बसवायला दार असं एक नाहीच. म्हणून प्रत्येक रेडिएटरच्या छातीवर एक डबी, साधारण तीन-चतुर्थांश उंचीवर.

1990 च्या दशकात मी तिथे राहत होते तेव्हा या डब्यांत बॅटरी नव्हती, काचेची नळी होती. माझं त्या नळीवर प्रेम आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

करंगळीपेक्षाही बारीक, वर तोंड उघडं, आत रंगीत द्रव. बहुधा मिथाइल बेंझोएट. नळी बदलताना खोलीभर फळासारखा गोडसर वास सुटायचा. नळीच्या मागे धातूची पट्टी रेडिएटरला घट्ट बसवलेली. रेडिएटर तापला की पट्टी तापते, द्रव तापतो आणि थोडा थोडा उडून जातो. जानेवारीत कंपनीचा माणूस टॉर्च घेऊन यायचा, गुडघ्यावर बसून पातळी वाचायचा, सील तोडून नवी नळी घालायचा. या वर्षी हिरवी असेल तर पुढच्या वर्षी लाल, म्हणजे जुनी नळी चुकून राहिली तर लगेच दिसावं.

आता गंमत बघा. पातळी वाचायच्या मोजपट्टीवरच्या रेघा सारख्या अंतरावर नसतात. वर विरळ आणि खाली जाल तसतशा दाट. का?

नळीत वारा नाही. द्रवातून सुटलेल्या वाफेच्या रेणूंना वरच्या तोंडापर्यंत स्थिर हवेतूनच धडपडत जावं लागतं. दर क्षणी हवेच्या रेणूंशी टक्कर, कधी पुढे, कधी मागे, तुळशीबागेत गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी चालल्यासारखं. द्रवाजवळ वाफ दाट, तोंडाशी जवळपास शून्य. हा उतार जितका तीव्र, तितकी वाफ लवकर बाहेर. पातळी तोंडापासून दुप्पट खाली गेली की तेवढाच फरक दुप्पट अंतरावर पसरतो, उतार निम्मा होतो, वेगही निम्मा. हे गणित योसेफ श्टेफान यांनी 1870 च्या दशकात व्हिएन्नामध्ये मांडलं. तापलेल्या वस्तूच्या प्रारणाच्या नियमात बोल्ट्झमनच्या आधी ज्यांचं नाव येतं, तेच हे श्टेफान. त्यांच्या गणिताचा निष्कर्ष असा: तापमान तेच राहिलं तर पातळी तोंडापासून जितकी खाली गेली, त्या अंतराचा वर्ग वेळेच्या प्रमाणात वाढतो. पहिला सेंटिमीटर उतरायला एक महिना लागला, तर दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला पाच, चौथ्याला सात. शाळेत वरून टाकलेला दगड सारख्या वेळात 1, 3, 5, 7 अशी अंतरं कापतो हे शिकलो होतो. इथे तेच आकडे उलटे बसलेत: अंतर सारखं, वेळ 1, 3, 5, 7. प्रत्यक्षात नळी काठोकाठ भरलेली नसते, म्हणून सुरुवातीची अंतरं थोडी बदलतात, पण रेघा दाटत जातात त्या यामुळेच.

इथपर्यंत सगळं सुंदर. अडचण पुढे आहे. रेडिएटर किती उष्णता देतो? तो खोलीपेक्षा जेवढा गरम, तेवढ्या फरकाच्या 1.3 व्या घाताच्या प्रमाणात. (साध्या प्रमाणात असता तर घात 1 असता, पण गरम हवा वर चढते आणि जास्त गरम असेल तर जास्त जोरात चढते, म्हणून 1 पेक्षा थोडा जास्त.) फरक 50 अंशांवरून 25 वर आला तर उष्णता निम्मी नाही, 41 टक्के होते. बाष्पीभवनाचा हिशेब मात्र घातांकी: त्या द्रवाचा बाष्पदाब दर दहा-बारा अंशांना जवळपास दुप्पट होतो. 20 अंशांच्या खोलीत रेडिएटर 50 अंशांवरून 60 वर गेला, तर उष्णता सुमारे 45 टक्के वाढते, बाष्पीभवन जवळजवळ दुप्पट. म्हणजे रेडिएटर कमी वेळ पण कडक तापवणाऱ्याच्या डबीत जास्त युनिटं चढतात, आणि कोमट ठेवून दिवसभर चालवणाऱ्याच्या डबीत कमी. उष्णता दोघांनीही तेवढीच घेतलेली! वर उन्हाळ्यात हीटर बंद असतानाही द्रव उडतोच. त्यावर उपाय साधा: नळी शून्याच्या रेघेच्या वर थोडी जास्त भरायची, उन्हाळ्याचं उडणं त्यात खपून जातं. दक्षिणेकडच्या खिडकीत ऊन जास्त आलं, तर तुमचं नशीब.

आणि नळीला खोलीचं तापमान कळतच नाही. हिवाळ्यात खिडकी उघडी टाकली की गार खोलीत रेडिएटर जास्त उष्णता ओततो, पण नळीला फक्त रेडिएटरचाच ताप कळतो. उधळ्याला सवलत.

हल्लीच्या इलेक्ट्रॉनिक डबीत म्हणून दोन सेन्सर असतात. एक पाठीला, रेडिएटरकडे. एक पोटाला, खोलीकडे. फरक काढायचा, 1.3 चा घात द्यायचा, वेळेबरोबर बेरीज करत जायचं. शिवाय रेडिएटर मोठा की छोटा, डबी त्याला किती घट्ट टेकली आहे, यासाठी गुणक. भाच्याच्या बिलावर 1.482 असा चमत्कारिक आकडा होता, तो हाच.

आता व्हॉट्सॅपवरचे उपाय. "डबीवर टॉवेल टाक, आकडा कमी येतो." तर्क असा की खोलीकडचा सेन्सर तापला की फरक कमी दिसेल. डबी बनवणाऱ्यांनी हे ओळखलं आहे. पोटाकडे उष्णता साचतेय असं दिसलं की डबी तो सेन्सर बाजूला ठेवते आणि खोली 20 अंशांची आहे असं धरून चालते. खोली 23 अंश असेल तर टॉवेलवाल्याला उलट जास्त युनिटं लागतात. भाच्याने रेडिएटरवर ओले मोजे वाळत घातले होते. "मोज्यांचं काय?" म्हणाला. मोज्यांचं काही नाही, फक्त खिडकीला बुरशी धरेल.

याहून वाईट प्रकार 2022 च्या हिवाळ्यात पाहिला. गॅस महागला आणि मातीच्या पालथ्या कुंडीखाली चार मेणबत्त्या लावून "खोली गरम करा" अशा व्हिडिओंचा सुळसुळाट झाला. कुंडी म्हणे उष्णता "वाढवते". पत्र्याच्या वाटीतल्या छोट्या मेणबत्तीत 14 ग्रॅमच्या आसपास मेण असतं, चार तास जळतं. हिशेब केला तर 40 वॅटच्या जवळपास. चार मेणबत्त्या म्हणजे 160 वॅट. निवांत बसलेला माणूस स्वतःच 100 वॅट देतो. दोन पाहुणे बोलवा, जास्त ऊब मिळेल आणि आगीच्या बंबाची भीती नाही. कुंडी फक्त आधी स्वतः तापते आणि मग तीच ऊब परत देते, त्यात एक वॅटही वाढवत नाही.

बेडरूमच्या प्रश्नाला मात्र सोपं उत्तर नाही. कॉक बंद असूनही भाच्याची बेडरूम 17 अंशांच्या खाली गेली नाही. का? खालच्या मजल्यावर आजी राहतात, त्यांच्याकडे 23. मधला जुना स्लॅब चौरस मीटरला, दर अंशाला, साधारण 1 वॅट जाऊ देतो असं धरू. 15 चौरस मीटरची खोली, 6 अंशांचा फरक: 90 वॅट आजींकडून फुकट वर येतात, दिवसाला दोन किलोवॅट-तासांहून जास्त. आजींच्या डबीत मोजलेले, भाच्याच्या घरात खर्ची पडलेले. त्या क्षेत्रफळावरच्या 30 टक्क्यांमागे एक कारण हेही आहे. कोपऱ्यातल्या आणि छताखालच्या घरांना तरीही झळ बसतेच.

याहून मोठा घोळ पूर्व जर्मनीतल्या, तयार काँक्रीटच्या पॅनेलांनी जोडलेल्या जुन्या इमारतींत. तिथे एकेकाळी हीटिंग भाड्यातच असायचं. गरम झालं की खिडकी उघडायची, तोच थर्मोस्टॅट. पाइप खोल्यांतून उघडे गेलेले. कॉक बंद केला तरी पाइपच खोली गरम करतो, आणि डबी तर रेडिएटरवर. मग इमारतीत मोजलेली युनिटं अगदी कमी, एका युनिटचा भाव गगनाला, आणि ज्याने खरंच रेडिएटर लावला तो सगळ्यांच्या पाइपाचे पैसे भरतो. यासाठी दुरुस्तीचं वेगळं सूत्र आहे. ते इथे लिहीत नाही, एवढ्यातच निम्मे वाचक गळाले असतील.

तरीही मला हा अर्धवट खरा हिशेब पटतो. वाटा चुकतो, पण स्वतःच्या कॉककडे हात जातो. 2026 संपेपर्यंत सगळ्या डब्या दुरूनच वाचता येतील अशा हव्यात, असा नियम आहे. ज्या तशा आहेत त्यांचा आकडा भाडेकरूला दर महिन्याला कळवावा लागतो. जानेवारीत टॉर्च घेऊन येणारा माणूस आता येणार नाही.

परत येताना त्या माणसाने मला एक नळी दिली होती, हिरवी, अर्ध्याहून जास्त भरलेली. "कचऱ्यातच जाणार होती," म्हणाला. पुण्यात ती टेबलावरच्या पेल्यात उभी करून ठेवली. दर पाडव्याला पातळीशी पेनाने बारीक रेघ मारायचे. रेडिएटर नाही, बॉयलर नाही, फक्त आपला एप्रिल-मे. भाच्याला काल तिचा फोटो पाठवला. आत द्रव कधीच संपलाय, काचेवर रेघा तेवढ्या आहेत, वर विरळ आणि खाली एकमेकींना चिकटलेल्या. तो म्हणाला, "मावशी, याचे किती युरो झाले?"