स्टीलच्या ब्रेक पाइपने गाडी लवकर थांबते?

नाशिकच्या द्वारका परिसरातल्या कुठल्याही गॅरेजात जुनी स्कॉर्पिओ उभी करा, कुणीतरी सांगणारच: "स्टील जाळीचे ब्रेक होज (ब्रेक ऑइलच्या लवचिक नळ्या) टाका, गाडी निम्म्या अंतरात थांबेल." नाही थांबणार.

गाडी किती अंतरात थांबेल हे टायरची पकड आणि ब्रेकची अवस्था ठरवते. होज फक्त पायाचा दाब ऑइलमार्फत चाकापर्यंत नेतो. जुना रबरी होज दाबाखाली किंचित फुगतो, म्हणून पेडल स्पंजासारखं लागतं. जाळीचा होज कमी फुगतो, पेडल कडक लागतं. पायाला अंदाज चांगला येतो, इतकंच. खरं तर दहा-बारा वर्षांच्या गाडीत नवा रबरी होज टाकला तरी बराचसा फरक जाणवतो.

त्याआधी ब्रेक ऑइल बघा. ते हवेतली ओल शोषतं. डॉट ३ या दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उकळबिंदू नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअस, ओल मुरल्यावर १४० पर्यंत उतरू शकतो. कसारा घाट उतरताना ब्रेक तापले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल थेट खाली जातं. तिथे स्टीलची जाळी काय करणार? ऑइल बदला, ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढा, मागचे ब्रेक ड्रम ॲडजस्ट करा. मग हौस म्हणून होज खुशाल टाका.