टिपकागदावरचा थेंब

ताप चार दिवस उतरला नाही की डॉक्टर ‘विडाल करून घ्या’ म्हणतात. आपल्याकडे हे नाव माहीत नाही असं घर शोधावं लागेल. फर्नांड विडाल यांनी ही चाचणी पॅरिसमध्ये १८९६ साली मांडली. टायफॉइड झालेल्या माणसाच्या रक्तातला सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारं पिवळसर पाणी, टायफॉइडच्या जंतूंवर टाकला की जंतूंच्या गुठळ्या होतात. ही चाचणी जंतू शोधत नाही. जंतूची शरीराला झालेली ओळख, म्हणजे प्रतिपिंडं, शोधते. बोटातल्या थेंबावरून प्रतिकारशक्ती पाहण्याच्या आजच्या पद्धतींचं मूळ मला इथे दिसतं.

त्याच वर्षी कॅनडात, माँट्रियलला, वायट जॉन्स्टन नावाच्या जंतुशास्त्रज्ञाने एक साधी गोष्ट करून पाहिली. रुग्णाच्या रक्ताचा थेंब वाळवला, तो टपालाने प्रयोगशाळेत मागवला, पाण्यात कालवला आणि जंतूंवर टाकला. गुठळ्या झाल्या. प्रतिपिंडं वाळल्यावरही टिकतात, हे त्यातून व्यवहारात सिद्ध झालं. रुग्ण एका गावात आणि प्रयोगशाळा दुसऱ्या गावात असली तरी चालू लागलं. पुढच्या सव्वाशे वर्षांत या तंत्रात जे जे झालं, त्यातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे अंतर तुटणं.

विडालची एक अडचणही तेव्हापासूनच सोबत आहे. टायफॉइडची लस टोचलेल्या माणसाच्या रक्तातही गुठळ्या होतात. म्हणजे चाचणी ‘ओळख आहे’ एवढं सांगते. ती आजारातून झाली की लशीतून, आत्ता झाली की पूर्वी, हे सांगत नाही. पुढे कोविडच्या वेळी हाच प्रश्न नव्याने समोर आला.

वाळलेल्या थेंबाला कागद मिळाला तो वेगळ्याच वाटेने. स्वीडनमधल्या लुंड इथे काम करणाऱ्या इव्हार बांग यांनी १९१३ च्या सुमारास टिपकागदावर रक्त घेऊन साखर मोजली होती. पण कागद घरोघरी पोचवला तो अमेरिकेतल्या बफेलोच्या रॉबर्ट गथ्री यांनी. त्यांच्या मुलाला बौद्धिक अपंगत्व होतं आणि भाचीला फिनिलकीटोन्यूरिया. हा जन्मजात आजार वेळेत कळला तर केवळ आहार बदलून मेंदूचं नुकसान टाळता येतं. भाचीच्या बाबतीत तो वेळेत कळला नव्हता. गथ्रींनी नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेला थेंब जाड कागदावर टिपायची पद्धत बसवली आणि १९६३ साली ती प्रसिद्ध केली. तोवर २९ राज्यांतली ४ लाख बाळं तपासून झाली होती. ती चौकोनी कार्डं आजही ‘गथ्री कार्ड’ म्हणून ओळखली जातात.

एका ठिपक्यातून प्रतिपिंडं नेमकी मोजायची तर अतिशय संवेदनशील पद्धत लागते, कारण कागदातून कापलेल्या ३ मिलिमीटरच्या टिकलीत जेमतेम ३ मायक्रोलिटर रक्त असतं. ती पद्धत १९७१ मध्ये आली. स्टॉकहोममध्ये इव्हा एंगव्हाल आणि पीटर पर्लमान यांनी, आणि स्वतंत्रपणे नेदरलँड्समधल्या संशोधकांनी, एलायझा पद्धत मांडली. प्लास्टिकच्या वाटीत विषाणूचा किंवा जंतूचा अंश चिकटवायचा, त्यावर रक्ताचा अर्क ओतायचा, प्रतिपिंड चिकटलं तर रंग उमटतो. रंग जितका गडद, तितकी प्रतिपिंडं जास्त. आता ‘आहे की नाही’च्या पुढे जाऊन ‘किती’ हे विचारता येऊ लागलं.

थेंब घेण्यातही कसब आहे. मधलं बोट किंवा अनामिका, टोकाच्या मध्यावर नव्हे तर किंचित बाजूला. हात आधी ऊबदार, खाली सोडलेला. पहिला थेंब कापसाने पुसून टाकायचा, कारण त्यात ऊतींमधलं पाणी मिसळलेलं असतं. बोट पिळायचं नाही, नाहीतर तेच पाणी पुन्हा येतं आणि तांबड्या पेशी फुटतात. कागद काही तास सावलीत वाळवायचा, ओल शोषणाऱ्या पुडीसोबत पाकिटात घालायचा. शिवाय रक्त पातळ असेल, म्हणजे ॲनिमिया असेल, तर ठिपका जास्त पसरतो आणि टिकलीत येणाऱ्या रक्ताचं माप बदलतं. आपल्या देशात किती बायकांना ॲनिमिया असतो हे लक्षात घेतलं तर ही बारीकशी बाब राहत नाही.

बोटाला टोचणं आपल्या खेड्यांना नवं नाही. हिवतापासाठी आरोग्यसेवक दारात येऊन काचपट्टीवर रक्त घेतो, हे कित्येकांनी लहानपणापासून पाहिलेलं आहे. एचआयव्हीबाधित आईच्या तान्ह्या बाळाची तपासणी ‘नॅको’ने, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेने, २०१० पासून वाळलेल्या ठिपक्यावर सुरू केली.

आणि तरी २०२० च्या मे-जूनमध्ये आयसीएमआरने ७० जिल्ह्यांत २८ हजार लोकांचं कोविडचं पहिलं राष्ट्रीय सेरो सर्वेक्षण, म्हणजे किती जणांच्या रक्तात प्रतिपिंडं आहेत याची पाहणी, केलं, ते शिरेतून रक्त काढून. त्यात ०.७३ टक्के लोकांत प्रतिपिंडं आढळली. त्याच उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये इम्पीरियल कॉलेजने सुमारे १ लाख लोकांना घरी किट पाठवलं. लोकांनी स्वतः बोट टोचून पट्टीवर रेघ उमटते का ते पाहिलं, आणि ६ टक्के हा आकडा आला. अमेरिकेत राष्ट्रीय आरोग्य संस्थेने ठरावीक मापाचंच रक्त शोषणारी छोटी टोकं स्वयंसेवकांना टपालाने धाडली. निदान झालेल्या प्रत्येक रुग्णामागे जवळपास ५ जण निदानाविना राहिले होते, असं त्यातून निघालं. शिरेतून रक्त काढायला प्रशिक्षित माणूस आणि पुढे शीतपेटी लागते, म्हणून त्याच माणसाला महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तपासणं अवघड जातं. प्रतिकारशक्तीवर लक्ष ठेवायचं तर तेच करावं लागतं. काचपट्टीचा इतका अनुभव असलेल्या देशाने कागद मोठ्या प्रमाणावर वापरायला हवा होता, असं मला आजही मनापासून वाटतं.

विडालची जुनी अडचण इथे पुन्हा आली. कोविशील्ड फक्त विषाणूच्या काट्यांविरुद्ध प्रतिपिंडं तयार करते. म्हणून आतल्या ‘एन’ प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं दिसली तर संसर्ग झाला होता असं म्हणता येतं. कोव्हॅक्सिनमध्ये मात्र अख्खा निष्क्रिय विषाणू असल्याने ती खूणही पुसट होते.

त्याहून मोठा गोंधळ आकडा घसरण्याचा. इंग्लंडमधलं ते ६ टक्के प्रमाण सप्टेंबरात ४.४ वर आलं आणि प्रतिकारशक्ती ओसरल्याची चर्चा सुरू झाली. खरं तर प्रतिपिंडं पट्टीवर रेघ उमटण्याइतकी उरली नव्हती, एवढंच त्यातून कळत होतं. हिपॅटायटिस बी साठी मिलिलिटरला १० मिलि-आंतरराष्ट्रीय एकक ही संरक्षणाची सर्वमान्य रेषा आहे. कोविडसाठी तशी रेषा ठरलेली नाही. लॅबचा आकडा हातात घेऊन ‘मी सुरक्षित का?’ विचारणाऱ्या माणसाला प्रामाणिक उत्तर देता येत नव्हतं ते यामुळे.

प्रतिपिंडं कमी झाली तरी स्मृती असलेल्या बी आणि टी पेशी, म्हणजे जंतू लक्षात ठेवणाऱ्या पांढऱ्या पेशी, मागे राहतात. टी पेशींची चाचणी करताना रक्तात विषाणूच्या प्रथिनांचे तुकडे मिसळून ते रात्रभर उबवतात आणि पेशींनी सोडलेलं इंटरफेरॉन गॅमा हे प्रथिन मोजतात. बोटातून मिळणाऱ्या रक्तावर हे जमवायचं तर पेशी जिवंत हव्यात, आणि त्या मोजक्या रक्तात विषाणू ओळखणाऱ्या पेशी पुरेशा संख्येने सापडायला हव्यात. टपालात कागद आठवडाभर पडून राहिला तरी प्रतिपिंडांचं फारसं बिघडत नाही. टी पेशींसाठी मात्र लहानशी नळी साधारण दिवसभरातच प्रयोगशाळेत पोचावी लागते. जॉन्स्टनने १८९६ मध्ये तोडलेलं अंतर इथे पुन्हा आडवं येतं.