चाटल्यावर कळलेलं विष

'विषारी' हा शब्द आपण नागालाही लावतो आणि धोतऱ्यालाही. नाग विष टोचतो, धोतरा पोटात गेला तर बाधतो. पक्षीही धोतऱ्याच्या जातीचा असू शकतो, हे १९९२ पर्यंत फारसं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

त्याआधी तीन वर्षं, १९८९मध्ये, जॅक डंबाकर हा तरुण अभ्यासक पापुआ न्यू गिनीच्या जंगलात स्वर्गीय पक्ष्यांसाठी जाळी लावत होता. जाळ्यात पिटोहुईही अडकत. हा काळ्या डोक्याचा, नारिंगी अंगाचा देखणा पक्षी. सोडवताना त्याने बोटं ओरबाडली, डंबाकरने ती सहज तोंडात घातली, तर जीभ आणि ओठ चुरचुरून बधिर झाले. स्थानिक वाटाड्यांना यात नवल नव्हतं. त्यांच्या लेखी हा टाकाऊ पक्षी. खायचाच तर कातडी आणि पिसं काढूनच.

पिसं अमेरिकेत जॉन डेली या रसायनशास्त्रज्ञाकडे पोचली. १९९२मध्ये जाहीर झालं, की पिसांत आहे बॅट्राकोटॉक्सिन गटातलं विष, जे डेली यांनीच पूर्वी कोलंबियातल्या बेडकांत शोधलं होतं. तिथले एम्बेरा शिकारी फुंकनळीच्या बाणांची टोकं त्या बेडकांच्या पाठीवर घासत. मज्जातंतू आणि स्नायूंच्या पेशींना सोडियम आत घेणारी दारं असतात; हे विष ती उघडीच ठेवतं. मग पेशी शांत होत नाही, आणि हृदयाची लय बिघडते. पिटोहुईत विषाचं प्रमाण त्या बेडकांपेक्षा बरंच कमी असतं, तरी पिसांतल्या उवांनाही ते सोसत नाही.

पक्षी हे विष स्वतः बनवत नाही, खाण्यातून मिळवतो. आपल्याकडे रुईवर वाढणारा बिबळ्या कडवा हे फुलपाखरू असंच करतं. त्याचं नावच ते सांगतं. न्यू गिनीतल्या हेरोवाना गावच्या लोकांनीही नावातच उत्तर ठेवलं होतं. निळ्या टोपीचा इफ्रिटा हा दुसरा विषारी पक्षी आणि कोरेसिन नावाचे चिमुकले भुंगे, दोघांनाही ते 'नानीसानी' म्हणतात. अर्थ, ओठांना येणाऱ्या झिणझिण्या. २००४मध्ये त्या भुंग्यांत तेच विष सापडलं. मला या शोधातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

पण पक्षी स्वतः कसा वाचतो? त्याची सोडियमची दारंच बदललेली असावीत, असा अंदाज होता. २०२१मध्ये प्रयोगशाळेत तपासलं, तर पिटोहुईची दारं या विषापुढे हतबल ठरली. शरीरातलं एखादं प्रथिन स्पंजासारखं विष टिपून घेत असावं, असं त्या संशोधकांनी सुचवलं. २०२३मध्ये डेन्मार्कच्या चमूने न्यू गिनीतच आणखी दोन विषारी पक्षी शोधले, आणि त्यांच्या जनुकांत मात्र नेमके त्या दारांतले बदल दिसले.