टिंकरिंग लॅबच्या आधी: शाळेतील हातकामाची पार्श्वभूमी

मुंबईतील काही शाळांत आज त्रिमितीय प्रिंटर, सेन्सर आणि सोल्डरिंगची साधने असलेली ‘अटल टिंकरिंग लॅब’ दिसते आणि हाताने घडवत शिकण्याची कल्पना नुकतीच आली, असा समज होतो. तो खरा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली आणि तिच्यातून नेमलेल्या झाकिर हुसेन समितीने नई तालीमचा आराखडा मांडला. हस्तोद्योग हा वेगळा विषय न राहता सूतकताई, सुतारकाम, शेती यांच्याच आधाराने गणित, भूगोल आणि भाषा शिकवाव्यात, हे त्याचे मर्म होते.

पुढच्या काळात नेमके हे मर्मच हरवले. कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाचा आग्रह धरला, १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्याची कल्पना मांडली. परंतु पुष्कळ शाळांत त्याचा एक तास झाला, ज्यात खडू, मेणबत्त्या, कागदी फुले बनत आणि शेवटी श्रेणी मिळे. त्या तासाचा विज्ञानाच्या पुस्तकाशी संबंध जोडण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती, आणि माझ्या मते हीच खरी हानी होती.

हा संबंध जोडण्याचा गंभीर प्रयत्न मुंबईतच झाला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ महापालिकेच्या शाळांतील विज्ञानशिक्षणात लक्ष घालू लागले आणि १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र उभे राहिले. ज्या मुलांच्या घरी पुस्तके नाहीत आणि ज्यांच्या शाळेत सुसज्ज प्रयोगशाळा नाही, त्यांनाही स्वस्त, सहज मिळणाऱ्या साहित्यातून स्वतः प्रयोग करता यावा, हा विचार त्यामागे होता.

मुंबईतील हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागातील नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला, तो याच विचाराचा ग्रामीण विस्तार म्हणता येईल. तेथील मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात विद्यार्थी वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, शेती अशी कामे गावाच्या प्रत्यक्ष गरजेसाठी करत, आणि राज्याच्या माध्यमिक शाळांतही तो पुढे शिकवला जाऊ लागला. २००२ मध्ये याच खेड्यात फॅब लॅबही, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू घडवण्याची कार्यशाळा, आली.

अटल टिंकरिंग लॅब ज्याचा भाग आहे ते केंद्र सरकारचे अटल इनोव्हेशन मिशन २०१६ मध्ये सुरू झाले. सहावी ते बारावीच्या मुलांसाठीच्या या लॅबला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. मात्र मूळ निकषांत सपाटीवरील शाळांसाठी किमान १,५०० चौरस फूट जागेची अट होती, आणि एकाच इमारतीत दोन सत्रे चालवणाऱ्या मुंबईच्या शाळेला एवढी जागा काढणे फार अवघड असते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी दहा दिवसांचा दप्तरमुक्त काळ सुचवला, ज्यात मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे शिकावे. त्यासाठी वेगळी लॅब लागत नाही, आणि धारावीच्या शाळांना तर कुंभारवाडा शेजारीच आहे.